मटणाच्या ताटातले केळे

रविवारी दुपारी मटण-पास्त्याचे ताट वाढून झाल्यावर मी फळांच्या टोपलीतले एक केळे सोलून पास्त्याच्या कडेला ठेवले, तेव्हा आईने चष्मा वर सरकवून विचारले, "मटणाबरोबर केळं? आज घरात सत्यनारायण आहे का?" तिचा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. पुण्यात शिकायला आलेल्या एका सोमाली मुलाने आपल्या घरचा हा पदार्थ मला शिकवला नसता, तर मीही तेच विचारले असते.

पदार्थ तसा ओळखीचाच आहे. तिकडे बोकडाचे, मेंढीचे आणि उंटाचेही मटण खातात. मी मेंढीचे आणले होते. बारीक तुकडे कांदा-लसणावर परतायचे, टोमॅटो सढळ हाताने घालायचा, बटाटा आणि गाजर टाकायचे आणि वर 'हवाश' पेरायचा. हवाश म्हणजे जिरे, धणे, मिरी, दालचिनी, वेलदोडा, लवंग भाजून केलेली पूड, त्यात हळद. मिसळणाचा डबा उघडला की निम्मे काम झालेच. खोबऱ्याचे वाटण मात्र यात नसते आणि ते घालण्याचा मोह आपल्या माणसाने आवरावा, कारण एकदा वाटण पडले की त्याचा आपला रविवारचा रस्सा होतो आणि शेवया समजून पास्ता खावा लागतो.

जेवणाआधी मटण शिजवलेले पाणी लिंबू पिळून प्यायला देतात, हे त्या मुलाने सांगितले तेव्हा मला आजीचे अळणी आठवले. रस्सा आम्हाला तिखट लागेल म्हणून फोडणीपूर्वीच ती ते पाणी वाट्यांमधून काढून ठेवी, त्यावर तुपाचा थेंब आणि मिरपूड घाली, आणि आम्ही भावंडे वाटीत नळी कुणाला आली यावरून इतकी भांडत असू की शेवटी ती नळी आजोबांच्याच ताटात जाई. फळ आणि दूध मात्र मटणाच्या दिवशी ती दृष्टीसही पडू देत नसे. दूध आणि केळे हा विरुद्धाहार आहे असे वैद्य सांगत आले, तरी शिकरण आमच्या घरात राजरोस चाले; हरकत फक्त मटणाशेजारच्या केळ्याला होती.

सोमाली ताटात ही जोडी जमली कशी, त्याचे उत्तर इतिहासात आहे. दक्षिण सोमालिया इटलीची वसाहत होता आणि दुसऱ्या महायुद्धानंतरही १९५० ते १९६० अशी दहा वर्षे तो संयुक्त राष्ट्रांचा विश्वस्त प्रदेश म्हणून इटलीकडेच होता. गोव्यातून पोर्तुगीज गेले आणि पाव राहिला, तसा तिथे पास्ता राहिला. शबेले आणि जुबा नद्यांच्या काठी इटालियनांनी केळीचे मळे उभे केले, त्यांचा माल जहाजांनी इटलीला जाई. एक वस्तू तिकडून आली, दुसरी तिकडे गेली, आणि दोन्ही सोमाली ताटात शेजारी बसल्या. केळे तिथे जेवणानंतरचे फळ नसते, ते तोंडीलावणे असते: उजव्या हाताने पास्त्याचा घास करताना केळ्याचा तुकडा त्यातच दाबायचा, आणि हिरव्या मिरचीच्या 'बसबास' चटणीने जीभ पोळली की तो गोड तुकडा नेमका उपयोगी पडतो.

१९९१ साली तिथले सरकार कोसळले, यादवी पेटली आणि केळ्यांचा तो व्यापारही मोडला. मला शिकवणाऱ्या मुलाने ते मळे पाहिलेले नाहीत. तो नैरोबीच्या ईस्टली या सोमाली वस्तीत वाढला, आणि ताटातले केळे कुठल्या बागेतून आले याची चौकशी त्याच्या घरात कुणी केली नाही. पुण्यात त्याला जळगावची केळी चालतात, फक्त ती जरा घट्ट हवीत असा त्याचा आग्रह असतो. ते मला पटले आहे. सालीवर काळे ठिपके आलेले केळे घासात दाबताच गिळगिळीत होते, त्याचे शिकरणच केलेले बरे.