दुसऱ्यांचा गेम रात्रभर काय बघतोस?

हा प्रश्न मला आमच्या भाऊजींपासून ऑफिसच्या लिफ्टपर्यंत सगळीकडे गाठतो. ‘क्रिकेट बघताना बॅट तुमच्या हातात असते का?’ हे उत्तर जिभेवर येतं, पण भाऊजींना असं तोंडावर बोलायची सोय नाही. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून खरं कारण सांगतो: ओजी.

ओजी ही ‘डोटा २’ हा कॉम्प्युटर गेम खेळणारी युरोपातली टीम. खेळ पाचजण विरुद्ध पाचजण. प्रत्येकाचा एक हिरो, आणि समोरच्यांचा तळ पाडायचा. एवढं पुरे, शंभरावर हिरो आहेत, त्यांचं पुराण लावलं की घरातले एकेक उठून पाणी प्यायला जातात.

२०१५ साली डेन्मार्कचा जोहान सुंडस्टाइन ऊर्फ नोटेल आणि इस्रायलचा ताल आइझिक ऊर्फ फ्लाय या दोन जुन्या जोडीदारांनी टीम उभी केली. फ्रँकफर्ट, मनिला, बॉस्टन, कीव्ह अशा चार मेजर स्पर्धा त्यांनी दीड वर्षात मारल्या. पण वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे ‘द इंटरनॅशनल’, आणि तिथे हात रिकामेच. २०१६ मध्ये सगळे यांचंच नाव घेत होते, तर फिलिपिन्सच्या टीएनसीने २-० ने घरी पाठवलं.

मग मे २०१८. इंटरनॅशनल तीन महिन्यांवर असताना फ्लाय आणि त्याचा साथीदार एस-फोर टीम सोडून इव्हिल जीनियसेस या दुसऱ्या टीमकडे गेले. नोटेलसोबत उरले जेरॅक्स आणि सेब, आणि सेब तर आधी त्यांचा कोच! विश्रांती घेतलेल्या ऑस्ट्रेलियाच्या आनाला परत बोलावलं. मिडला, म्हणजे मैदानाच्या मधल्या वाटेवर, घेतला फिनलंडचा टॉपसन. मोठ्या स्टेजचा अनुभव त्याला शून्य. चार मेजर जिंकलेली टीम खुल्या पात्रता फेरीत, गल्लीतल्या कुठल्याही पाच पोरांना नाव घालता येईल अशा रांगेत जाऊन उभी राहिली.

तिथून ते व्हँकुव्हरला पोचले. वाटेत इव्हिल जीनियसेसच आडवे आले, त्यांना २-१ ने हरवलं. त्यानंतरचं ते कोरडं हस्तांदोलन मी आजही पुन्हा पुन्हा बघतो. लग्नाच्या मांडवात अबोला धरलेले दोन भाऊ समोरासमोर यावेत, तसं.

फायनल चीनच्या पीएसजी एलजीडीशी, बेस्ट ऑफ फाइव्ह. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून रविवार लागलेला, २६ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा. ताई आणि भाऊजी राखीसाठी आदल्या दिवशीच आलेले, बाहेरच्या खोलीत झोपलेले. मी हेडफोन लावून अंधारात. ओजी २-१ ने मागे, आणि चौथ्या गेममध्येही एलजीडी गळा आवळत आलेली. तेवढ्यात सेबचा हिरो ॲक्स ब्लिंक मारून, म्हणजे क्षणात उडी घेऊन, थेट त्यांच्या घोळक्यात उतरला आणि हाळी दिली. त्या हाळीत सापडलेले हिरो क्षण दोन क्षण त्याच्यावरच वार करत राहतात, बाकी काही करू शकत नाहीत. तेवढ्यात लढाई फिरली. कॉमेंटेटर ‘सेऽऽऽब!’ म्हणून किंचाळला, मीही किंचाळलो, आणि भाऊजी दारात येऊन म्हणाले, ‘सफरचंद कुणाला हवंय?’

ओजी ३-२ ने जिंकली. बक्षीस सुमारे १ कोटी १२ लाख डॉलर. ताईने ओवाळलं तेव्हा माझे डोळे लाल होते. तिला वाटलं, भावाला भरून आलं. मी तसंच वाटू दिलं.

लोक याला चमत्कार म्हणतात. मला पटत नाही. इतरांचे जुने गेम बघून तयारी करता येते, टॉपसनचं बघायला होतं काय? शिवाय ही पाचही माणसं गेम हातातून गेल्यावरही गेलाय असं मानायची नाहीत.

पुढच्या वर्षी शांघायला त्यांनी पुन्हा जिंकलं, लिक्विड या टीमला ३-१ ने हरवून. सलग दोनदा इंटरनॅशनल जिंकणारी ही पहिलीच टीम. आनाने आयो हा सपोर्टचा, म्हणजे इतरांना मदत करणारा हिरो कॅरी, म्हणजे टीमचा मुख्य मारेकरी म्हणून खेळवला, म्हणजे विकेटकीपरकडून नव्या चेंडूने ओव्हर टाकून घेतल्यासारखं.

नंतर टीम पांगली. २०२२ मध्ये स्टॉकहोमच्या मेजरला नव्या पोरांमधला एकजण जाऊ शकला नाही, म्हणून निवृत्त सेब बदली म्हणून बसला, आणि ओजीने तीही जिंकली. मी भाऊजींना मेसेज टाकला. उत्तरात एकच इमोजी आली: लाल सफरचंद.