दुबईचं कार्टन आणि "पर्सनल युज आहे साहेब"

आत्तेभावाच्या सिगारेटी कस्टमने धरल्या ही बातमी सोलापुरात सात रस्त्यापासून चौपाडापर्यंत सगळ्यांना कळलीय, त्यामुळे आता लपवण्यात काय अर्थ नाही. जो भेटतो तो एकच विचारतो, काय बे, स्वतःला ओढायला आणलेल्या पण धरतात व्हय? धरतात. एकदाच लिहून टाकतो म्हणजे मला परत परत सांगायला नको.

परदेशातून येणाऱ्या माणसाला ड्युटी, म्हणजे आयातीवरचा कर, न भरता 100 सिगारेटी आणता येतात, नाहीतर 25 सिगार, नाहीतर 125 ग्रॅम तंबाखू. तिन्ही मिळून नाही, यातलं एकच काहीतरी. 2014 च्या बजेटआधी हेच 200 सिगारेटी होतं, तेव्हा निम्मं केलं. गंमत अशी की दुबईच्या ड्युटी फ्रीमध्ये कार्टन मिळतं ते 10 पाकिटांचं आणि पाकिटात 20, म्हणजे एकच कार्टन घेणारा अगदी सरळ माणूस पण मर्यादेच्या दुप्पट घेऊन उतरतो, आणि वर त्याला वाटतं की आपल्याकडे बिल आहे, ड्युटी फ्रीमधून घेतलंय, प्रश्नच मिटला. अरे ती सूट तिकडच्या टॅक्सची, इकडचा हिशोब इकडे द्यावाच लागतो. हुक्क्याच्या फ्लेवरचं पण तसंच, 250 ग्रॅमचा एक डबा घेतला की संपलं.

आमच्या गड्याने चार कार्टन आणली. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला सुट्टी टाकून येत होता, कळल्या कळल्या मित्रांच्या ऑर्डरी गेल्या. (ज्या गावात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात त्या गावातल्या पोरांना तंबाखू दुबईची पाहिजे, यावर मी वेगळं काय बोलू.) एकाने तर व्हेप सांगितलं होतं, ते त्याने आणलं नाही हे नशीब, कारण ई-सिगारेटवर 2019 पासून बंदीच आहे, तिथे 100 चालतात 200 चालत नाहीत असला हिशोबच नाही, एक पण आणता येत नाही.

तर हा विमानतळावर बॅग घेऊन सरळ ग्रीन चॅनलच्या दारातून निघाला. तिथेच थांबवलं, बॅग मशीनमध्ये टाकली. म्हणाला, साहेब सगळं पर्सनल युज आहे. साहेबाने शांतपणे विचारलं, सुट्टी किती दिवसांची? मग म्हणे बायकोच्या पण 100 धरा, तर बायको दुसऱ्याच फ्लाइटने येणार होती, आणि तशी दोघांची सूट एकत्र करता येतच नाही.

माझ्या मते त्याचं खरं चुकलं ते चार कार्टनमध्ये नाही, ग्रीन चॅनलमध्ये. त्या दारातून जाणं म्हणजेच माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं सांगणं. रेड चॅनलला जाऊन स्वतःहून दाखवलं असतं तर 100 च्या वरच्या मालावर ड्युटी लावली असती, सिगारेटची ड्युटी पण थोडीथोडकी नाही, खिशाला चांगलीच चाट बसली असती, पण प्रकरण पैशावर मिटायची सोय होती. आणि हा तर परत दुबईलाच जाणार होता. कस्टम कायद्याच्या कलम 80 मध्ये आहे की खरं खरं डिक्लेअर केलेलं असेल तर माल तिथेच ठेवून घ्या आणि मी परत जाताना द्या अशी विनंती करता येते. हे किती जणांना माहितीय? मला पण नंतर वाचून कळलं.

बरं, धरल्यावर पण सगळं संपत नाही. जप्ती करायची तर आधी कारणं सांगणारी नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, मग दंड भरून माल सोडवायचा पर्याय पण कायद्यात आहे. पण याने रात्रीच्या घाईत, पुढची गाडी चुकेल म्हणून, समोर आलेल्या छापील कागदावर न वाचता सही ठोकली, आणि त्यात लिहिलेलं होतं की मला नोटीस नको. दिल्ली हायकोर्टाने 2025 मध्ये सोन्याच्या केसेसमध्ये सांगितलंय की असल्या छापील फॉर्मवरच्या सहीने नोटिशीचा हक्क जात नाही. इथे मात्र मला कस्टमवाल्यांचा राग येतो, माणूस दमलेला असतो, पोरं बाहेर वाट बघत असतात, तेव्हा कागद पुढे सरकवायचा आणि इथे सही करा म्हणायचं हे काय बरोबर नाही. निदान कॉपी तरी मागून घ्यायची, ती याने घेतली, तेवढं एक बरं केलं.

कस्टमची जप्तीची ऑर्डर हातात पडल्यापासून 60 दिवसांत अपील करता येतं. पण तो आता परत दुबईला गेलाय आणि वकिलाची फी सिगारेटींपेक्षा जास्त होते असं त्याचंच गणित, त्यामुळे काय करेल असं वाटत नाही. ज्यांच्या ऑर्डरी होत्या त्यांनी पैसे द्यायचे का नाही यावर पार्क चौकात अजून भांडण चालू आहे. माझं मत विचाराल तर निम्मे तरी द्यावेत.