आधी झाकण उघडा

"आम्हाला हॉटेल पर्यावरणपूरक करायचंय, सुरुवात कुठून करू?" समुद्रकाठच्या गावांत हॉटेलं, होमस्टे, बोटी चालवणारे लोक मला हे हमखास विचारतात. विचारताना बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: स्ट्रॉ बंद, प्लास्टिकच्या बाटल्या बंद, दारात हिरवी पाटी. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आधी मागच्या अंगणात चला आणि सेप्टिक टाकीचं झाकण उघडा.

हे शहाणपण मला उशिरा आलं. सुरुवातीला एका हॉटेलात मीच कागदी स्ट्रॉ, कापडी पिशव्या, बांबूच्या पाट्या असा सगळा थाट करून दिला होता. मालक खूश. दोन महिन्यांनी, ऐन गर्दीत, त्यांचा फोन आला की मागच्या बाजूला वास सुटलाय. झाकण उचललं तर वर स्वयंपाकघरातल्या तेलाचा पांढुरका, सायीसारखा थर. काठी खुपसली तर ती उभीच राहिली. टाकी बांधली होती बारा खोल्यांसाठी, खोल्या झाल्या होत्या सत्तावीस, आणि बाहेर जाणारा पाइप शोषखड्ड्यात न जाता शेजारच्या ओढ्यात उतरत होता. ओढा कुठे जातो हे वेगळं सांगायला नको. माझी पाटी मात्र दारात डौलात उभी.

समुद्रकिनाऱ्याचा धंदा बसतो तो बहुधा याच पाइपातून. फिलिपीन्समधलं बोराकाय बेट २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने पर्यटकांना पूर्ण बंद होतं. मोठं कारण होतं समुद्रात जाणारं सांडपाणी. ज्यांनी आपली टाकी नीट ठेवली होती त्यांचीही दारं बंद झाली. स्वच्छ किनाऱ्यांना मिळणाऱ्या ब्लू फ्लॅगचंही तेच. १९८५ मध्ये फ्रान्सात सुरू झालेल्या या मानांकनात समुद्राच्या पाण्याचे नमुने तपासावेच लागतात, आणि एकाच्या पाइपाने सगळ्यांचा किनारा नापास होऊ शकतो.

म्हणून स्वयंपाकघराच्या सांडपाण्याला ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल-तूप अडवणारी पेटी, लावा, आणि तो साफ करायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका. "सगळ्यांनी बघायचं" असं ठरलं की कोणीच बघत नाही. गाळ टाकी तुंबल्यावर नव्हे, गर्दीच्या आधी काढा. शोषखड्ड्यावरही डोळे मिटून विसंबू नका. वाळूत पाणी झरझर उतरतं, आणि खाली भूजल उथळ असेल तर ते पुरतं गाळलं न जाता शेजारच्याच विहिरीत पोचतं.

विहिरीवरून दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त भीतीदायक वाटते. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण खारं पाणी किंचित जड. घायबेन-हर्झबर्ग नावाचा जुना हिशोब सांगतो की भूजल समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर ढोबळमानाने समुद्रसपाटीखाली चाळीस मीटर गोडं पाणी असतं. उलटं वाचा: उपशाने पातळी एक मीटर उतरून तशीच राहिली, तर खालचं खारं पाणी कालांतराने चाळीस मीटर वर सरकू शकतं. पाणी मचूळ लागतंय म्हणून लोक बोअर आणखी खोल नेतात. म्हणजे खाऱ्या पाण्याकडे आपणच चालत जायचं!

उपसा कमी करायला मोठी यंत्रं नंतर. आधी प्रत्येक कमोडच्या फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. खाली भांड्यात रंग उतरला तर टाकी गळतेय. ही गळती आवाज करत नाही, म्हणून वर्षानुवर्षं चालते.

टॉवेल पुन्हा वापरा असं सांगणाऱ्या, खोलीत ठेवायच्या कार्डांबद्दलही विचारतात. २००८ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. "पर्यावरण वाचवा" असं कार्ड ठेवल्यावर सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. "बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात" असं लिहिल्यावर ४४ टक्क्यांनी. आणि "याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे" म्हटल्यावर ४९ टक्क्यांनी. समुद्रापेक्षा आधीच्या पाहुण्याची भीड जास्त, असं दिसतं. पण मी पाहिलंय, पाहुणा टॉवेल टांगतो आणि खोली आवरणारा सवयीने तो उचलून धुवायला टाकतो. कार्ड छापण्याआधी त्याच्याशी बोला.

किनाऱ्यावरचे दिवे खाली वळवा, झाका, पिवळसर-तांबूस ठेवा. कासवाची पिल्लं उजेडाकडे धावतात आणि समुद्राऐवजी तुमच्या पार्किंगमध्ये येतात. लाटांनी आणून टाकलेलं शेवाळ रोज ट्रॅक्टरने खरवडू नका, ते वाळू धरून ठेवतं. प्लास्टिक हाताने वेचा. आणि हो, स्ट्रॉ बंद कराच, मी काही त्यांच्या बाजूचा नाही.

त्या सत्तावीस खोल्यांच्या मालकांनी पुढे मोठी टाकी बांधली. ती होईपर्यंत पंधरा खोल्या बंद ठेवल्या; तो हंगाम त्यांना जड गेला. आता दर गर्दीआधी ते स्वतः झाकण उचलतात आणि मला फोटो पाठवतात. पहिला फोटो मी जेवताना उघडला होता.