कळते, पण वळत का नाही?

हात धुवावेत, खोकताना तोंड झाकावे, हे आज शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तरीही संसर्ग पसरत राहतो, कारण आपण काळजी घेऊ लागतो ती बहुधा आजार दिसू लागल्यावर. गोवराचा रुग्ण मात्र अंगावर पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासूनच संसर्ग पसरवू शकतो, आणि तो खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू २ तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. म्हणूनच लसीकरण आणि खेळती हवा यांना मी सर्वांत वरचे स्थान देतो.

सॅनिटायझरवरचा आपला सरसकट विश्वासही मला काळजीत टाकतो. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा फारसा परिणाम होत नाही. तेथे साबण लावून वाहत्या पाण्याखाली किमान २० सेकंद हात चोळून धुणेच उपयोगी पडते.

अर्थात, अडथळा केवळ अज्ञानाचा नाही. अंगात ताप असताना कामावर जाणाऱ्या माणसाला धोका अनेकदा कळत असतो, पण पगार कापला जाण्याची भीती त्याहून मोठी ठरते. अशा माणसाला भरपगारी रजा न देता केवळ सूचनाफलक दाखवणे मला अन्यायाचे वाटते.