पंचा फडफडलाच नाही

१६ मे, रात्र

आज तिसऱ्यांदा काम बंद पडलं. सात ते दहा डोझर गुमान चालला. साडेदहाला तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला आणि रेडिएटरनं नळीतून पाणी फेकायला सुरुवात केली. शेततळं ३० बाय ३० मीटरचं, खोदाई जेमतेम निम्मी, आणि रोहिण्या नऊ दिवसांवर. शेतकरी एक शब्द बोलला नाही. बांधावर बसून तंबाखू मळत राहिला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डोझर मामा चालवतात. त्यांनी इंजिन बंद केलं नाही. ब्लेड टेकवलं, रेस उतरवली आणि पाच-सात मिनिटं तसंच चालू ठेवलं. मी खालून ओरडतोय, "बंद करा, बसेल ते!" त्यांनी लक्षच दिलं नाही, आणि बरोबर त्यांचंच होतं. तापलेलं इंजिन एकदम बंद केलं की पाणी फिरवणारा पंप थांबतो, पाणी जागच्या जागी उभं राहतं आणि हेडची उष्णता त्याच पाण्याला उकळी आणते. हे मला माहीत आहे. तरी ओरडलो.

मग तोंड सुटलंच. "दुसऱ्या गिअरला मुरूम रेटता, कन्व्हर्टर तापणारच." मुद्दा अगदी बिनबुडाचा नव्हता. आमच्या मशीनला टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरकडं पोचवणारा भाग. त्याचं तेल रेडिएटरच्याच पाण्यानं गार होतं. ब्लेड अडलं, चेन जागेवर थांबली की इंजिनची सगळी ताकद त्या तेलात उष्णता होऊन उतरते. मामा एवढंच म्हणाले, "पयल्यातच हाय गिअर. वर येऊन बघ." मी वर चढलो नाही.

१७ मे

मोटर वाइंडिंगवाल्याकडून तापमान बघायची लेझरची बंदूक आणली. काट्यावर भरवसा नाही, मशीन माझ्याहून दोन वर्षांनी मोठं आहे. पण काटा खरं बोलत होता: वरच्या होजपाशी (इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरात आणणारी नळी) १०३, खालच्या होजपाशी (पाणी परत इंजिनात नेणारी) ९९. म्हणजे रेडिएटरमधून जाऊन पाणी फक्त चार अंशांनी गार होतंय! पाणी अडलं असतं तर खालचा होज बऱ्यापैकी गार लागला असता. म्हणजे पाणी फिरतंय, उष्णता सुटत नाहीये.

मी ठरवून टाकलं, रेडिएटरची जाळी चोंदली. समोरून बघितली तर स्वच्छ. ही फसगत डोझरवर नवा माणूस आला की होतेच. जीपचा पंखा समोरून हवा ओढतो, आमचा आतून बाहेर फुंकतो, म्हणजे ब्लेडपुढची धूळ आत खेचली जात नाही. त्यामुळे कचरा बसतो तो जाळीच्या पंख्याकडच्या अंगाला, जिथं कुणी वाकून बघत नाही. कॉम्प्रेसरचं तोंड समोरून लावून उलटी हवा मारली. तेलाच्या वाफेत भिजलेली माती, वाळकं गवत, एक अख्खं सरड्याचं कातडं. दोन घमेली निघाली. जाळीतून पलीकडचा उजेड दिसायला लागला. खूश झालो.

रेडिएटरचं झाकणही बदललं, जुन्याचं रबर पापडासारखं मोडलं. ते दाब धरत नसणारच. अर्धा किलो दाब धरला तर पाणी १०० ऐवजी ११० च्या आसपास उकळतं, उन्हाळ्यात तेवढाच श्वास.

दुपारी दोनला काटा परत लाल. काल साडेतीन तासांनी झाला होता, आज साडेचार तासांनी. एवढाच फरक.

१८ मे

एका मिस्त्रीला फोन केला. उत्तर ठरलेलं: "थर्मोस्टॅट काढून फेकून दे." आपल्याकडं प्रत्येक तापाला हा एकच काढा. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप. आमच्या इंजिनला बायपास आहे, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी वाट. थर्मोस्टॅट उघडताना खालच्या चकतीनं बायपासचं भोक बंद करतो. तो काढला की निम्मं पाणी रेडिएटरकडं न जाता जवळच्या वाटेनं परत इंजिनात. गार व्हायचं सोडून जास्तच तापायचं.

काढला, पण तपासायला. घरी आईच्या चहाच्या पातेल्यात. झडपेच्या फटीत दोरा अडकवायचा आणि त्या दोऱ्यावरच थर्मोस्टॅट पाण्यात टांगायचा. झडप उघडली की दोरा सुटतो आणि तो तळाला टप्पकन पडतो. वर ८२ कोरलंय, डेअरीच्या थर्मामीटरवर ८३ ला पडला. निर्दोष. पातेल्याला डिझेलचा वास लागला तो वेगळा विषय. आईनं ते सरळ कोंबड्यांना पाणी ठेवायला नेलं.

खालचा होज हातानं दाबून बघितला. आतली स्प्रिंग गंजली की पूर्ण रेसला पंपाच्या ओढीनं तो चपटा होतो आणि रेस उतरवली की परत गोल, सापडता सापडत नाही. तसं काही नव्हतं. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबला, बोटभर दबला, ठीक. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे नाहीत, म्हणजे इंजिनच्या हेडखालची गॅस्केटही वाचली.

आता उरलं काय? रात्री झोप नाही. रेडिएटर उतरवून नवा कोर भरायचा तर किती, ते आकडे छताकडं बघत जुळवत होतो.

१९ मे

सकाळी मामा आले, बोलले काहीच नाहीत. इंजिन लावलं, रेस चढवली आणि खांद्यावरचा पंचा काढून रेडिएटरच्या समोर धरला. वाटलं, घाम पुसायला काढला असेल. पंचा नुसता हलला, उदबत्तीच्या धुरासारखा.

"ह्यो पंचा पूर्वी हातात ऱ्हात नव्हता," मामा म्हणाले.

इंजिन बंद करून दोघंही वाकून पंख्याकडं बघत बसलो. पात्याला बाक असतो. बाकाची पोकळ बाजू ज्या दिशेला हवा ढकलायची तिकडं हवी, म्हणजे जाळीकडं. आमची पोकळ बाजू इंजिनकडं होती. पंखा उलटा बसवलेला. उलटा बसवला तरी हवेची दिशा बदलत नाही, म्हणून कळत नाही. हवा बाहेरच जाते, फक्त निम्मीच जाते म्हटलं तरी चालेल.

जानेवारीत पाण्याच्या पंपाचं सील बदलायला पंखा उतरवला होता. त्यानंतर थंडीत गाळ पसरवायचं हलकं काम, काटा कधी हिरव्याबाहेर गेला नाही. मेच्या उन्हात मुरूम लागला तेव्हा ते उघडं पडलं.

मामांनी मान वर न करता विचारलं, "कुणी बसविला हुता?"

"मीच."

थोडा वेळ गेला. पान्याला नट जाम लागत होते, त्यांनी पाईप घालून जोर लावला.

"आवळलंय मातर चांगलं," ते म्हणाले.

२० मे

४२ अंश ऊन. दुपारी तीनला वर ८९, खाली ८१. मामा पहिल्या गिअरला रेटत होते, मी आज वर चढून बघितलं. चौथ्या दिवसाचे तास शेतकऱ्याला लावायचे नाहीत असं ठरवलं होतं, तर तोच म्हणाला, "मामांचं तेवढं देऊन टाका." उद्या कोपरे कापायचे, मग उतार. पंचा मामांनी रेडिएटरच्या जाळीपुढं काठीला बांधून ठेवलाय. फडफडतोय.