एकाच राणीच्या लेकी

महाबळेश्वरला जांभळाचा हंगाम चालू होता. मधपाळ तात्यांच्या एका पेटीतून दोन सातेरी मधमाश्या आणल्या, दोन्ही कामकरी, दोन्ही काळपट. साताऱ्यात कॉलेजच्या लॅबमध्ये डीएनए काढला आणि सीओआय जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचायला पुण्याला पाठवला. कीटकांची जात ओळखायला जगभर हाच तुकडा वापरतात.

रिपोर्ट आला. पहिली माशी सरळ एपिस सेराना, म्हणजे सातेरीच. दुसरीत 27 अक्षरं वेगळी, म्हणजे चार टक्के! एवढा फरक म्हणजे सहसा जातच वेगळी. 2022 मध्ये पश्चिम घाटातून एपिस कारिंजोडियन ही काळी माशी नवी जात म्हणून जाहीर झाली होती, तीही गोव्यापासून दक्षिणेकडची. ही त्याहून निराळी असली तर? खोटं कशाला बोलू, शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा सुचून गेलं.

फोनवर तात्यांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “सर, पेटीत राणी एकच. सगळ्या तिच्याच लेकी. जात येगळी कशी हुईल?”

कानशिलात बसल्यासारखं झालं. सीओआय मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला, तो फक्त आईकडून येतो. राणीनं कितीही नरांशी संग केलेला असो, लेकींचा सीओआय एकच हवा. शेजारच्या पेटीतली माशी वाट चुकून शिरली असेल, अशी पळवाट मी काढली. तात्यांनी बंद घरं फोडून कोशच हातावर ठेवले. त्यांतही तोच घोळ.

मग अक्षरं वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखाची मूळ फाइल उघडली, जी पहिल्याच दिवशी उघडायला हवी होती. एका अक्षराला एकच शिखर हवं; इथे जागोजागी मोठ्या शिखराखाली दुसरं बुटकं शिखर. अक्षरांची प्रथिनं करून पाहिली तर पानोपानी ‘थांबा’, म्हणजे प्रथिन तिथेच तोडणारी तीन अक्षरांची खूण! त्यातला बराचसा गाढवपणा माझा: अक्षरांचा अर्थ लावायचा तक्ता नेहमीचा लावला होता, आणि कीटकांच्या मायटोकॉन्ड्रियात टीजीए म्हणजे थांबा नव्हे, ट्रिप्टोफॅन हा प्रथिनाचा घटक. तक्ता बदलला, तरी मधोमध एक टीएए, म्हणजे खराखुरा थांबा, उरलाच. चालू जनुकात तो असा असूच शकत नाही. ही पेशीकेंद्रकात जाऊन पडलेली जुनी, निकामी नक्कल होती; मधमाश्यांत अशा नकला भरपूर असतात. बराच लांब तुकडा घेऊन पुन्हा वाचला, कारण नकला बहुधा तोकड्या असतात. दोघी बहिणी तंतोतंत जुळल्या.

तात्या हसले नाहीत. “मंग डोंगरातली काळी अन् खालची तांबूस, ती तरी एकच का?”

एकट्या सीओआयला हे विचारण्यात अर्थ नाही. बापाकडचं त्याला कळतच नाही. सध्या पुढच्या पंखांच्या शिरा मोजतोय. तात्यांनी दोन्हीकडचे नरही धरून ठेवलेत. नर न फळलेल्या अंड्यातून येतो, म्हणून बिनबापाचा, केंद्रकातली जनुकं एकेरी, वाचायला स्वच्छ.