भुवया कोणाच्या हाती द्यायच्या?

माझ्या आजीच्या कपाळावर गोंदण होते. लग्नाआधी सप्तशृंगी गडाच्या चैत्र यात्रेत एका गोंदणारणीने काजळीत सुया बुडवून ते काढले होते, असे ती सांगत असे. मी पाहिले तेव्हा त्यात काळेपणा उरलेला नव्हता. ठिपके हिरवट निळे झाले होते आणि त्यांच्या कडा सुरकुत्यांत पसरल्या होत्या. गेल्या वर्षी परमनंट मेकअपने भुवया भरून घ्याव्यात असे मनात आले, तेव्हा सर्वांत आधी तेच गोंदण आठवले, कारण मायक्रोब्लेडिंग (केसांसारख्या बारीक रेषा) म्हणा किंवा पावडर ब्रो (पावडर लावल्यासारखी मऊ छटा) म्हणा, शेवटी सुईने त्वचेत रंग उतरवण्याचीच ती क्रिया आहे.

माझ्या भुवयांची बाहेरची टोके दोनेक वर्षांपासून विरळ होत चालली होती आणि रोज सकाळी शाळेला निघताना पेन्सिलीने ती रेखाटण्याचा कंटाळा आला होता. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि इंदिरानगर या भागांतील पाच ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन चौकशी केली. दरांमध्ये जवळजवळ पाचपट तफावत होती, परंतु सर्वांत महाग ठिकाणी सर्वांत चांगली उत्तरे मिळाली असे अजिबात झाले नाही.

पहिल्या ठिकाणी भिंतभर प्रमाणपत्रे होती. शिक्षिकेच्या सवयीने मी ती नीट वाचली. त्यांतील दोन केवळ दोन दिवसांच्या कार्यशाळांची होती, एक रंग विकणाऱ्या कंपनीने दिलेले होते आणि सर्वांत मोठ्या चौकटीत शॉप ॲक्टचा कागद होता. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाने व्यवसाय सुरू केल्याची केवळ सूचना द्यायची असते. त्या कागदाचा हातातील कौशल्याशी काहीही संबंध नसतो. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते आणि ती पडताळून पाहता येते, पण भुवया गोंदणाऱ्यांसाठी तशी परिषद आपल्याकडे नाही. त्यामुळे कोठे, किती दिवस शिकलात, कृत्रिम त्वचेवर किती सराव केला आणि शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली किती जिवंत माणसांवर काम केले, हे तोंडाने विचारण्यावाचून गत्यंतर नाही. हा प्रश्न विचारल्यावर ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्यांची नावे मी यादीतून काढून टाकली.

मात्र शिक्षणाहूनही महत्त्वाची गोष्ट मला तिसऱ्या भेटीनंतर उमगली. सगळीकडे मला मोबाइलवर जी छायाचित्रे दाखवली गेली ती काम संपल्यावर लगेच, टेबलावरच काढलेली होती. त्या क्षणी कोणाचीही भुवई रेखीव दिसते. पहिले काही दिवस रंग गडद असतो, मग खपली सुटते, दुसऱ्या आठवड्यात सगळे पुसले गेल्यासारखे वाटते आणि खरा रंग चार ते सहा आठवड्यांनी दिसू लागतो. म्हणून तर टच-अप, म्हणजे उणे राहिलेल्या जागी पुन्हा रंग भरणे, साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर करतात. रंग वरच्या पापुद्र्यातच राहिला तर तो त्या पापुद्र्याबरोबर गळून जातो. तो फार खोल गेला तर काळा रंग निळसर करडा दिसू लागतो, रेषा पसरतात आणि व्रणही राहू शकतो. आजीच्या कपाळावर झाले ते हेच. शिवाय आयर्न ऑक्साइडवर आधारलेल्या तपकिरी रंगांतील काळी छटा आधी फिकी पडली तर मागे लालसर भुवया उरतात. म्हणजे हाताचे वजन आणि रंगाची निवड या दोन्हींचा निकाल लागायला काही महिने जावे लागतात, आणि आपल्याला दाखवले जाते ते मात्र पहिल्या तासाचे चित्र. मी सगळीकडे एकच मागणी केली: वर्ष उलटलेले, माझ्यासारख्या सावळ्या आणि तेलकट त्वचेवरचे काम दाखवा. तेलकट त्वचेवर मायक्रोब्लेडिंगच्या बारीक रेषा लवकर फुटतात आणि सावळ्या त्वचेवर जखमेनंतर काळे डाग राहण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे गोऱ्या, कोरड्या कातडीवरची छायाचित्रे माझ्या उपयोगाची नव्हती. चौघींकडे अशी छायाचित्रे नव्हती.

स्वच्छतेच्या बाबतीत मला जे दिसले त्याने मी थोडी घाबरलेच. एका ठिकाणी निळा दिवा असलेल्या पेटीकडे बोट दाखवून सगळे निर्जंतुक आहे असे सांगण्यात आले. तसल्या पेटीतील प्रकाश जेथे पोहोचतो तेवढ्याच पृष्ठभागावर काम करतो. निर्जंतुकीकरण होते ते ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंश सेल्सिअस तापमानाच्या दाबयुक्त वाफेत. हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो, हे लक्षात घेतले तर सुईचे बंद पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडले जावे, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असावी आणि वापरलेली सुई केराच्या टोपलीत न जाता टणक डब्यात जावी, असा आग्रह धरण्यात संकोच कसला? थ्रेडिंगचा दोरा दातात धरण्याची आपल्याला इतकी सवय झालेली आहे की रक्त येणाऱ्या कामातही आपण तोच सैलपणा चालवून घेतो. तेथीलच एका तरुणीने हातमोजे घालून मोबाइल उचलला, बोलून झाल्यावर त्याच हातमोज्यांनी रंगाची कुपी उघडली, आणि मी पर्स उचलून बाहेर पडले. कुपीवरचे लेबलही वाचावे. युरोपीय संघाने गोंदणाच्या आणि परमनंट मेकअपच्या रंगांतील हजारो रसायनांवर जानेवारी २०२२पासून मर्यादा घातल्या आहेत. तेव्हा लेबल खरवडलेली किंवा नाव नसलेली बाटली निमूटपणे स्वीकारण्याचे कारण नाही. चुकले तर लेझरने काढू, हे आश्वासनही तपासून घ्यावे, कारण आयर्न ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेला रंग लेझरने उलट काळवंडू शकतो.

पाचव्या ठिकाणी, इंदिरानगरातील एका छोट्याशा खोलीत, मला पहिल्यांदा कोणीतरी प्रश्न विचारले. त्या बाईंनी दोन पानांचा फॉर्म पुढे ठेवला: मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, जुन्या जखमांवर गाठीसारखे व्रण उठतात का, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतले होते का, गरोदर आहात का. शेवटच्या प्रश्नावर माझ्या वयाकडे पाहून आम्ही दोघीही हसलो. नंतर त्यांनी भिंगातून भुवया पाहिल्या आणि म्हणाल्या, “ताई, फक्त बाहेरचीच टोकं गेली आहेत. आधी थायरॉईड तपासून या. त्याचं निदान होईपर्यंत मी सुई लावणार नाही.” भुवयांची बाहेरची टोके विरळ होणे हे थायरॉईड मंदावल्याचे एक लक्षण असू शकते, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. तपासणीत माझे टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक, वाढलेले निघाले आणि गोळी सुरू झाली. आलेले गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या त्या बाईंवर माझा विश्वास बसला तो तेव्हा.

त्यांनी आपल्या एका ग्राहक महिलेशी, तिची परवानगी घेऊन, माझी गाठही घालून दिली. महात्मानगरमधील तिच्या गच्चीवर, दुपारच्या उन्हात, मी एका अनोळखी बाईच्या भुवया इतक्या जवळून न्याहाळल्या की मलाच अवघडल्यासारखे झाले. काम चौदा महिन्यांपूर्वीचे होते. रंग फिका पडला होता, पण तपकिरीच होता. डाव्या भुवईचे टोक किंचित पुसट झाले होते आणि ते तिने स्वतःहून दाखवले.

माझे काम अजून झालेले नाही. टीएसएच मर्यादेत आल्यावर पुन्हा तपासू, कदाचित थोडे केस परत येतील आणि कमीच रंग लागेल, असे त्या म्हणाल्या. शिवाय घाम आणि ऊन टाळता यावे म्हणून एप्रिल-मे नकोच, असेही त्यांनी बजावले. फेब्रुवारीत कानामागे पॅच टेस्ट म्हणून एक ठिपका तेवढा काढून घेतला आहे. ॲलर्जी कधी कधी उशिरा उमटते, त्यामुळे त्या ठिपक्याने सगळी हमी मिळत नाही, हेही त्यांनीच सांगितले. महिन्यातून एकदा मी यजमानांना तो पाहायला लावते. ते चष्मा कपाळावर सरकवून, “अजून तपकिरीच आहे, आजींसारखा हिरवा झाला की सांगतो,” असे म्हणतात आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडतात.